टाळीच्या वाक्याची किंमत

पुढाऱ्यांना भाषणं लिहून देण्याचं काम मी बरीच वर्षं केलं. शाळेत मराठी शिकवायचे आणि निवडणुका लागल्या की संध्याकाळी घरी माणसं यायची. ‘बाई, जरा चार मुद्दे काढून द्या,’ अशी सुरुवात व्हायची आणि बघता बघता अख्खं भाषण माझ्याच वहीत उतरायचं. ग्रामपंचायत, दूध संघ, पंचायत समिती, जिल्हा परिषद, कधी विधानसभासुद्धा. या कामात माझ्या हातून ज्या चुका झाल्या, त्या एकदा लिहून काढायच्या असं फार दिवस मनात होतं. चुका शब्दांच्या होत्या. त्यांची किंमत मात्र माणसांनी मोजली.

अलंकार हा माझा आवडीचा विषय. नववी-दहावीच्या वर्गात उपमा, रूपक, यमक, अनुप्रास, अतिशयोक्ती मी जीव तोडून शिकवायचे. व्याख्या, लक्षणं, उदाहरण आणि परीक्षेत ओळखायला येणारी ओळ, असा तो क्रम होता. त्यातून माझी एक समजूत पक्की झाली होती. विचार आधी तयार होतो आणि मग त्याच्यावर अलंकार चढवले की भाषण देखणं होतं, अशी ती समजूत. माझ्या पुढच्या बहुतेक चुका तिथूनच आल्या.

पहिली चूक दूध संघाच्या निवडणुकीत झाली. उभे होते ते दादा स्वतः गोठ्यात राबलेले. बोलणं सावकाश, गावच्या वळणाचं. त्यांच्यासाठी मी लिहिलं होतं, ‘सहकार, संस्कार आणि साक्षात्कार यांचा संगम म्हणजे आपला संघ.’ ओळभर ‘स’ साधला म्हणून मी खूश होते. सभा देवळासमोरच्या पटांगणात होती. दादा त्या ओळीपर्यंत आले आणि ‘साक्षात्कार’वर अडखळले. पुन्हा मागे गेले, पुन्हा अडखळले. सतरंजीवरची माणसं इकडंतिकडं बघायला लागली. बायकांच्या बाजूनं कुजबुज सुरू झाली. दादांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि माईक जवळ ओढला.

‘पहाटं चारला कोण उठतं? तुमची आई उठती. शेण कोण काढतं? तुमची आई काढती. वैरण कोण टाकतं? तुमची आई टाकती. धार कोण काढतं? तुमची आई काढती. मग डेअरीच्या पासबुकावर नाव कुणाचं?’

एवढं बोलून ते थांबले. बायकांच्या घोळक्यातून आवाज आला, ‘मालकाचं!’ सगळी सभा हलली. मग दादा दराकडं वळले. गाईच्या दुधाला 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफला ठरलेला दर, त्याखाली गेलं की पॉइंटमागं कपात, आणि ती मोजणारं मशीन कुणी तपासायचं, हा प्रश्न. लोक शेवटपर्यंत हलले नाहीत.

मी त्या रात्री नाराज होते. ‘दादा, कागद का सोडलात?’ असं मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, ‘बाई, ते माझ्या तोंडात बसंना.’ मला वाटलं, यांना वाचायचा सराव कमी आहे. पुढच्या वेळी सोपे शब्द घालू. खरी गोष्ट माझ्या लक्षातच आली नाही. त्या माणसानं माझ्यासमोर पुनरुक्ती वापरली होती, प्रश्नालंकार वापरला होता, पायरीपायरीनं वर चढवत नेऊन शेवटच्या पायरीवर सगळी चाल मोडली होती. ‘तुमची आई’ हे दोन शब्द तेच राहत होते आणि क्रियापद बदलत होतं. सगळं काम एका नावावर आणि पैसा दुसऱ्या नावावर, हा त्यांचा मुद्दाच त्या पुनरुक्तीत भरलेला होता. ती काढली तर मुद्दा पडला असता. माझ्या ओळीतला ‘स’ काढून टाकला असता तर काहीच पडलं नसतं. त्या ओळीला सांगायचं काही नव्हतंच. एवढं कळायला मला पुढं फार वेळ लागला आणि तोवर मी आणखी लिहीत गेले.

दुसरी चूक अनुकरणाची. आमच्या पिढीच्या मराठी शिक्षकांना आचार्य अत्रे म्हणजे वक्तृत्वाचं विद्यापीठ वाटायचे. त्यांची ‘दहा हजार वर्षांत असं झालं नाही’ ही धाटणी महाराष्ट्रभर माहीत होती. ती अतिशयोक्ती मी उचलली आणि सत्तेवर असलेल्या एका पदाधिकाऱ्याच्या भाषणात घातली. ‘तालुक्याच्या इतिहासात असा रस्ता झाला नाही,’ असं त्यांनी ठणकावून सांगितलं. रस्ता पहिल्याच पावसात उखडलेला होता आणि लोक त्याच रस्त्यानं सभेला आले होते. कुणी ओरडलं नाही. नुसते एकमेकांकडं बघत राहिले. पुढच्या वाक्याला मी पुन्हा प्रश्नालंकार ठेवला होता. ‘सांगा, तुमच्या दारात नळाचं पाणी आलं की नाही?’ मागून एकानं शांतपणे सांगितलं, ‘नाही.’ मग दुसऱ्यानं सांगितलं, मग तिसऱ्यानं. व्यासपीठावरच्या माणसाला पुढचं पान सापडेना.

मी नंतर त्या दोन्ही गोष्टींचा नीट विचार केला. अत्र्यांची अतिशयोक्ती कुणाच्या विरोधात होती, हे मी पाहिलंच नव्हतं. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत ते बोलत होते, तेव्हा 21 नोव्हेंबर 1955 चा फ्लोरा फाउंटनचा गोळीबार लोकांनी भोगलेला होता. 15 नोव्हेंबर 1956 ला त्यांनी ‘मराठा’ हे दैनिक काढलं, ते त्या संतापाच्या ऐन भरात. श्रोत्यांच्या मनातला राग शब्दांपेक्षा मोठाच होता. त्या रागाला पुरेल एवढं मोठं वाक्य अत्रे त्यांना देत होते. आणि वाक्याचा रोख सत्तेकडं होता. मी तीच अतिशयोक्ती सत्तेतल्या माणसाच्या कौतुकाला लावली. दुबळा माणूस बलवानाविरुद्ध वाढवून बोलला तर लोक ते समजून घेतात. बलवान स्वतःबद्दल वाढवून बोलला की लोक हिशेब काढतात.

प्रश्नांचंही तसंच. गाडगेबाबांचं कीर्तन म्हणजे प्रश्नोत्तरांची साखळी असायची. वऱ्हाडी बोलीत ते विचारायचे आणि समोरचा समाज एका आवाजात उत्तर द्यायचा. सावकाराचं कर्ज, लग्नातला खर्च, देवापुढं कापलं जाणारं बकरं, पोरांची शाळा, हे त्यांचे विषय. त्या प्रश्नांची उत्तरं लोकांच्या रोजच्या जगण्यात होती, म्हणून ती लोकांच्या तोंडून आपोआप यायची. आपणच दिलेलं उत्तर माणसाला नंतर नाकारता येत नाही, तिथं त्या प्रश्नाची ताकद आहे. मी प्रश्न लिहिला तो उत्तर माहीत करून न घेता. नळाची तोटी किती गल्ल्यांत कोरडी आहे हे विचारायला मी गेले नव्हते. घरी बसून वाक्य जुळवलं होतं.

या चुकांची किंमत फारशी नव्हती. एक सभा पडली, एक माणूस चार दिवस माझ्यावर रुसला. ज्या चुकीबद्दल मला मनापासून लिहायचं आहे, ती वेगळी. तिथं माझं वाक्य पडलं नाही. ते चाललं, फार चाललं.

जिल्हा परिषदेची निवडणूक होती. आमच्या भागातून एक कालवा जातो. त्याच्या वरच्या अंगाच्या गावांत ऊस उभा असतो आणि शेवटच्या टोकाची, म्हणजे टेलची गावं उन्हाळी आवर्तनाची वाट बघत बसतात. माझ्याकडं आलेला उमेदवार टेलच्या गावचा. तरुण, शिकलेला, माझाच विद्यार्थी. तो तयारी करून आला होता. टेलला पाणी का पोचत नाही याची त्यानं यादी केली होती. कालव्याच्या चाऱ्यांचं अस्तरीकरण झालेलं नाही, त्यामुळं पाणी वाटेतच मुरतं. अर्ध्याअधिक दारांची झडपं गंजून मोडलेली. चारीत गाळ साठलेला. पाणी सोडणारे पाटकरी कमी, एकेकाकडं भलं मोठं क्षेत्र. आवर्तनाचं पाणी आधी टेलला द्यायचं आणि मग वर सरकत यायचं, ही पद्धत कागदावर आहे पण पाळली जात नाही. वरच्या गावात बेकायदा मोटारी टाकणारेही होते. थोडे होते, पण होते.

ती यादी मी वहीत उतरवून घेतली आणि भाषण लिहायला बसले. गाळ, झडप, अस्तरीकरण, पाटकरी. या शब्दांना चाल लागेना. कुणावर बोट ठेवावं असा चेहराही त्यात नव्हता. रात्री उशिरा मला वाक्य सुचलं. ‘वरच्यांच्या उसाला पाणी, खालच्यांच्या डोळ्याला पाणी!’

ते सुचल्यावर झालेला आनंद मला आजही आठवतो. तोल बरोबर साधला होता. ‘वरच्यांच्या’ला ‘खालच्यांच्या’, ‘उसाला’ला ‘डोळ्याला’, आणि ‘पाणी’ हा एकच शब्द दोन्हीकडं दोन अर्थांनी. विरोध होता, श्लेष होता, यमक होतं. पोरगंसोरगं एकदा ऐकून पाठ करेल असं ते होतं. मी भाषण त्या वाक्याभोवती नव्यानं रचलं. अस्तरीकरणाचा परिच्छेद चालीत खडा येतो म्हणून काढला. झडपांचा परिच्छेद काढला. पाटकऱ्यांच्या कामाबद्दलचा परिच्छेद निम्मा केला आणि मग तोही काढला. तीन उभ्या रेघा मारून मी ती पानं रद्द केली. ती वही माझ्याकडं आहे.

चूक झाली ती त्या रेघांच्या वेळी. पुढं जे झालं ते तिचा परिणाम होता. टेलच्या शेताला पाणी न मिळण्याची कारणं पाच-सहा होती आणि त्यातली बहुतेक खात्याच्या आणि देखभालीच्या पदरात पडणारी होती. माझ्या वाक्यात एकच कारण उरलं आणि ते म्हणजे वरच्या गावातली माणसं. विरोधाच्या अलंकाराला दोन बाजू लागतात. मला दोन बाजू हव्या होत्या म्हणून मी शेजारच्या गावाला दुसरी बाजू केलं.

सभेत त्यानं ते वाक्य उच्चारलं आणि क्षणभर शांतता झाली. मग पटांगणातून ते परत आलं. तो बोलत होता तेव्हा लोक ऐकत होते, आता लोक बोलत होते आणि तो ऐकत होता. दुसऱ्या दिवशी ते वाक्य फ्लेक्सवर आलं. रिक्षावरच्या भोंग्यातून दिवसभर फिरलं. शाळेत मधल्या सुट्टीत मुलं ते म्हणत होती. वरच्या गावची मुलं आणि टेलच्या गावची मुलं एकाच शाळेत होती. मी स्टाफरूममध्ये ते ऐकलं आणि मला अभिमान वाटला.

तो निवडून आला. उन्हाळी आवर्तन सुटलं तेव्हा एका रात्री टेलच्या गावची काही पोरं वरच्या गावात शिरली आणि कालव्यावरच्या दिसतील त्या मोटारी त्यांनी पाण्यात ढकलल्या. त्यात एक मोटार अशा माणसाची होती की ज्याच्याकडं उसाचं एक कांडं नव्हतं. थोडीशी जमीन, त्यात कांदा आणि थोडी मका. मोटार रीतसर परवान्याची. तो अडवायला गेला तर त्याला मारहाण झाली, हात मोडला. त्या हंगामात त्याचं पीक गेलं. त्याचा मुलगा माझ्या वर्गात होता. काही दिवसांनी शाळा सुटल्यावर तो माझ्याजवळ आला. अंगात शाळेचा शर्ट, खांद्यावर दप्तर. त्यानं विचारलं, ‘बाई, ते वाक्य तुम्ही लिहिलं का?’

मी हो म्हणाले. त्यानं पुढं काही विचारलं नाही.

किंमत तिथंच संपली नाही. सिंचन व्यवस्थापनाचा 2005 चा कायदा आल्यावर आमच्याकडं पाणीवापर संस्था उभी राहिली होती. त्या कायद्यात वरच्या, मधल्या आणि टेलच्या अशा तिन्ही भागांतून संचालक घ्यायची तरतूद आहे. भांडण व्हायच्या आत माणसं एका टेबलाशी बसावीत, एवढा त्यामागचा साधा विचार. आमच्या संस्थेत ती बसतही होती. आता वरच्या गावचे संचालक बैठकीला यायचे बंद झाले. पाणीपट्टीची वसुली थांबली. वसुली नाही म्हणून दुरुस्ती नाही, दुरुस्ती नाही म्हणून झडपं तशीच. टेलला पाणी पूर्वीपेक्षा कमी पोचायला लागलं. ज्यांच्या बाजूनं मी वाक्य लिहिलं होतं, त्यांचंच नुकसान माझ्या वाक्यानं केलं होतं.

वर्षभरानं तो विद्यार्थी पुन्हा माझ्याकडं आला. समेटाची बैठक ठरली होती आणि त्याला भाषण हवं होतं. मी पुन्हा तेच केलं. ‘एकाच कालव्याची आपण लेकरं’ असं रूपक घेऊन पानंच्या पानं लिहिली. त्यानं ती चांगली वाचली. समोरची माणसं गप्प बसून राहिली. शेवटी वरच्या गावचा एक म्हातारा उठला आणि म्हणाला, ‘आधी तो बोर्ड काढा.’ रस्त्याच्या वळणावरचा फ्लेक्स अजून तिथंच होता, उन्हानं विटलेला, पण वाक्य वाचता येत होतं. एवढ्या पानांत मी ‘माझं चुकलं’ हे दोन शब्द त्याला लिहून दिले नव्हते. ते मला सुचलेही नव्हते. अलंकारानं तोडलेलं अलंकारानंच जोडायचं, अशी माझी खटपट होती.

पुढं 18 ऑक्टोबर 2019 ला साताऱ्यात शरद पवार भर पावसात बोलले, ती सभा पाहताना मला ही बैठक आठवली. लोकांच्या लक्षात पाऊस राहिला. माझ्या लक्षात राहिलं ते वेगळंच. लोकसभेचा उमेदवार निवडण्यात आपली चूक झाली, हे त्यांनी सरळ सांगितलं आणि ती चूक दुरुस्त करायची संधी मतदारांच्या हातात दिली. राजकारण कुणाला कोणतं पटतं हा प्रश्न बाजूला ठेवू. भाषण म्हणून पाहिलं तर त्या कबुलीत उपमा नव्हती, यमक नव्हतं. बोलणाऱ्यानं स्वतःला उणं करून घेतलं होतं आणि त्यामुळं ऐकणाऱ्याचा विश्वास वाढला होता. माझ्या विद्यार्थ्याला त्या बैठकीत नेमकं हेच हवं होतं.

त्या प्रकरणानंतर बराच काळ मी कुणाला भाषण लिहून दिलं नाही. वाचत मात्र राहिले. बाबासाहेबांचं महाडचं भाषण मी पूर्वी वाचलं होतं, आता लिहिणाऱ्याच्या नजरेनं वाचलं. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब आणि त्यांचे अनुयायी चवदार तळ्याचं पाणी प्यायले, त्यानंतर सवर्णांनी तळं ‘शुद्ध’ करून घेतलं होतं. त्याच वर्षी 25 डिसेंबरला पुन्हा परिषद भरली, तेव्हाचं हे भाषण. त्यात ते म्हणतात त्याचा आशय असा. या तळ्याचं पाणी प्यायल्यानं आम्ही अमर होणार नाही. ते न पिता आजवर आम्ही मेलो नाही. नुसतं पाणी प्यायला आम्ही जात नाही आहोत. इतरांसारखी आम्हीही माणसं आहोत, हे सिद्ध करायला जात आहोत.

मी ती रचना वहीत उतरवून समोर ठेवली. एकामागून एक नकार येतात. विरोधक जो आक्षेप घेईल, ‘पाण्यासाठी एवढं कशाला’, तो बोलणारा आधीच स्वतः घेऊन टाकतो. आक्षेपाला जागाच उरत नाही आणि मग एकच होकार उभा राहतो, माणूसपणाचा. आणि त्याला लागूनच ते सांगतात की ही सभा समतेची मुहूर्तमेढ रोवायला बोलावली आहे. पुढं 1789 च्या फ्रान्समधल्या राष्ट्रीय सभेशी ते या परिषदेची तुलना करतात, तेव्हा ती तुलना मोठी वाटत नाही, कारण पाण्याचा प्रश्न त्यांनी आधीच माणुसकीच्या प्रश्नापर्यंत नेलेला असतो. ज्यांनी तळं बंद केलं त्यांच्याविरुद्ध एवढा मोठा लढा, आणि तरी वाक्याचं टोक जातं ते समतेकडं. मीही पाण्यावरच वाक्य लिहिलं होतं. माझ्या वाक्याचं टोक शेजाऱ्याच्या मोटारीपाशी गेलं.

त्यांचं संविधान सभेतलं 25 नोव्हेंबर 1949 चं भाषणही मी तसंच पुन्हा वाचलं. ते इंग्रजीत आहे. त्याची सुरुवात हिशेबानं होते. सभेला लागलेला दोन वर्षं अकरा महिने सतरा दिवसांचा काळ, मसुद्याला आलेल्या सुमारे 7,635 दुरुस्त्या, त्यातल्या प्रत्यक्ष मांडलेल्या 2,473. ज्यांनी राबून मसुदा केला त्यांचं श्रेयही ते नावानिशी देतात. एवढा पाया घातल्यावर मग तो प्रसिद्ध विरोध येतो. 26 जानेवारी 1950 ला आपण विसंगतीच्या आयुष्यात प्रवेश करणार आहोत, राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता. मग प्रश्न येतात, हे असं आपण किती काळ चालवणार?

त्या भाषणातल्या ‘आपण’वर मी फार वेळ थांबले. माझा विरोध दोन गावांच्या मधोमध रेघ मारत होता. बाबासाहेबांचा विरोध प्रत्येक ऐकणाऱ्याच्या आत रेघ मारतो. समता मानणारा आणि विषमता चालवणारा हा एकच समाज आहे आणि त्यात आपण आहोत, हे तो अलंकार ऐकणाऱ्याला टाळू देत नाही. त्यांचा ‘किती काळ’ हा प्रश्न टाळी मागत नाही. उत्तर द्यायची जबाबदारी समोरच्याच्या अंगावर टाकून तो पुढं जातो. धर्मात भक्ती मुक्तीकडं नेईल, राजकारणात ती अधःपाताकडं आणि हुकूमशाहीकडं नेते, हा त्याच भाषणातला दुसरा विरोध. त्यातही बोट ठेवलं आहे ते ऐकणाऱ्याच्याच सवयीवर. स्वतःच्या माणसांनाही खडसावणारा अलंकार वापरायला धैर्य लागतं. माझ्या वाक्याला काहीच धैर्य लागलं नव्हतं. टेलच्या गावात उभं राहून वरच्या गावाला नावं ठेवणं कुणालाही जमलं असतं.

मग मला जुन्या घोषणाही वेगळ्या दिसायला लागल्या. 1965 मध्ये सीमेवर युद्ध आणि देशात धान्याची टंचाई एकाच वेळी होती. लाल बहादूर शास्त्रींच्या ‘जय जवान, जय किसान’मध्ये त्या दोन्ही संकटांची गाठ मारली गेली. त्यातली पुनरुक्ती आणि यमक बंदूक धरणाऱ्याला आणि नांगर धरणाऱ्याला एका ओळीत, एका मापानं उभं करतात. 1962 च्या नोव्हेंबरात चीनबरोबरच्या युद्धाच्या दिवसांत यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, तेव्हा हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असं म्हटलं गेलं. दोन डोंगरांना माणूसपण देणाऱ्या त्या रूपकानं महाराष्ट्रातल्या माणसाला हजारो मैलांवरची सरहद्द आपली वाटायला लावली. या ओळीही पाठ होणाऱ्याच होत्या. माझ्या ओळीइतक्याच सोप्या, तोलदार, कानात बसणाऱ्या. त्यांनी लांबची माणसं जवळ आणली.

अकराव्या शतकात काश्मीरच्या क्षेमेंद्रानं औचित्याचा विचार मांडला. कमरपट्टा गळ्यात आणि हार कमरेला घातला तर शोभा येत नाही, असं त्याचं म्हणणं. मी ते विद्यार्थीदशेत वाचून पाठ केलं होतं आणि परीक्षेत लिहिलंही होतं. राजकीय भाषणात औचित्य चुकलं तर नुसती शोभा जात नाही. तिथं ऐकणारा माणूस घरी जाऊन काहीतरी करणार असतो. मत देणार असतो, मोर्चात जाणार असतो, कधी रात्री कालव्यावर जाणार असतो. कवितेतल्या अलंकाराला ही जोखीम नसते.

आता कुणी आलं तर मी पुन्हा लिहून देते, पण क्रम बदलला आहे. आधी त्या माणसाला बोलतं करते आणि त्याच्या तोंडात कोणती वळणं आपोआप येतात ते ऐकते. बहुतेकांच्या बोलण्यात पुनरुक्ती असते, म्हणी असतात, दृष्टान्त असतात. ते तसेच ठेवते. त्यानं आणलेली कारणांची यादी भाषणात शेवटपर्यंत राहते. एखादं कारण चालीत बसत नसेल तर चाल बदलते. आणि टाळीचं वाक्य सुचलं की ते ज्याच्याबद्दल आहे, पण जो सभेत नसणार, अशा एका माणसाचा विचार करते. कांदा लावणारा, परवान्याची मोटार असलेला, वरच्या गावचा माणूस. त्याच्या समोर उभं राहून हे वाक्य मला म्हणता येईल का, असं स्वतःला विचारते. पुष्कळदा येत नाही. मग ते वाक्य मी खोडते, कितीही चांगलं जमलेलं असलं तरी.

वर्गात अलंकार शिकवायची रीतही बदलली. ओळ फळ्यावर लिहून ‘अलंकार ओळखा’ एवढंच विचारून मी थांबत नाही. हे वाक्य कोण म्हणतंय, कुणाला म्हणतंय, कुणाबद्दल म्हणतंय आणि त्यातून काय गाळलंय, हे चार प्रश्न मुलं सोडवतात. चौथ्या प्रश्नाला सगळ्यात जास्त वेळ लागतो. एकदा उदाहरण म्हणून मी माझंच कालव्याचं वाक्य फळ्यावर लिहिलं. मुलांनी विरोध ओळखला, श्लेष ओळखला, यमक ओळखलं. काय गाळलंय, असं विचारल्यावर एका मुलीनं उत्तर दिलं, ‘बाई, पाणी सोडणारा कोण ते लिहिलंच नाही.’ त्या सभेत हा प्रश्न कुणाला पडला नाही, कारण तो पडू नये इतकं ते वाक्य मी घट्ट बांधलं होतं. भाषण लिहिणाऱ्याच्या हातात एवढी ताकद असते, आणि ती वापरताना आपण काय झाकतो आहोत हे सगळ्यात आधी त्यालाच माहीत असतं.